एक्स्प्लेनर : डोमेनशिवाय मेसेजिंग सर्व्हर, शेजारच्या टेबलाचा पत्ता सातासमुद्रापार कशाला विचारायचा?

समजा, जळगावच्या एमआयडीसीतील एक डाळमिल आहे. बाहेर रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात जमिनीत गेला आणि फायबर तुटली. टॉवरकडे जाणारी केबलही त्याच चरातून गेलेली, त्यामुळे मोबाइलचा डेटाही गेला. वरच्या मजल्यावरील ऑफिसातून खाली वजनकाट्यावर निरोप द्यायचा आहे : ‘पुढची गाडी सोडू नका, पोत्यांचा हिशेब जुळत नाही.’ अंतर पन्नास पावले. वीज आहे, राउटर चालू आहे, दोन्ही कॉम्प्युटर त्याच राउटरला जोडलेले आहेत. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या कोपऱ्यातले घड्याळ हलत नाही. शेवटी एक पोरगा जिना उतरून सांगायला जातो, तोवर गाडी गेटबाहेर पडलेली असते.

मिलच्या जागी धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला कारखाना ठेवा, एखादे हॉस्पिटल ठेवा किंवा कॉलेजची लॅब. चित्र बदलत नाही. दोन माणसे एकाच छपराखाली, मधली वायर शाबूत, आणि बोलणे बंद. कारण त्यांचा निरोप आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन मग परत येत होता.

यावर ‘स्वतःचा मेसेजिंग सर्व्हर बसवा’ असा उपाय सुचवला, की पहिला प्रश्न येतो : डोमेन कुठून घ्यायचे? बहुतेक मार्गदर्शिकांची पहिलीच पायरी ‘आधी डोमेन विकत घ्या’ ही असते. ज्याचा उपयोग इमारतीच्या आतच होणार आहे, त्याला ही पायरी लागत नाही. उलट, ती चुकीच्या पद्धतीने चढली तर घात करते.

नाव वेगळे, पत्ता वेगळा

नेटवर्कवरचा प्रत्येक कॉम्प्युटर आकड्यांच्या पत्त्याने ओळखला जातो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. घरातल्या किंवा ऑफिसातल्या राउटरमागे हे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. हे आकडे खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कोणाचीही परवानगी नको, पैसे नकोत.

माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. नाव दिले की त्याचा आकडा सांगणारी जगभर पसरलेली यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस. ही यंत्रणा इंटरनेटपेक्षा जुनी किंवा त्याच्या पोटातली अपरिहार्य गोष्ट नाही. अर्पानेटच्या काळात सगळ्या कॉम्प्युटरांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती फाइल सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे ते काम होते. कॉम्प्युटर वाढले, वही पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला.

ती जुनी वही अजून प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे. तिचे नाव ‘होस्ट्स’ फाइल. विंडोजमध्ये ती सिस्टिम फोल्डरच्या आत दडलेली असते, लिनक्समध्ये ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये. तिच्यात एका ओळीत आकडा आणि त्यापुढे नाव लिहिले, की तो कॉम्प्युटर त्या नावासाठी सहसा बाहेर विचारायला जात नाही. जगासाठी डीएनएस हवे, यात वाद नाही. पण एकाच वाड्यातल्या शेजाऱ्याला हाक मारण्यासाठी कोणी पोस्टात जाऊन पत्ता विचारत नाही.

वही हरवली की काय होते?

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. भारतात नऊ वाजून गेल्यानंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली. त्यापाठोपाठ कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी जगाला आपला रस्ता सांगणे थांबवले. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांची नेहमीची साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने तीही निकामी झाली.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील क्लाउड केंद्रात असाच प्रकार घडला. डीएनएसची नोंद सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेच्या नावापुढचा पत्ता कोरा झाला. सेवा होती, पण तिच्याकडे जाण्याचा पत्ताच नव्हता. त्या दिवशी सिग्नलसारखे मेसेजिंग अ‍ॅपही अडखळले.

जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांना हे चुकवता आले नाही, तर त्यांच्या भरवशावर बसलेल्या वजनकाट्याचे काय? त्यात महाराष्ट्रात प्रशासनाच्या आदेशाने होणाऱ्या इंटरनेट बंदीची भर पडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, छत्रपती संभाजीनगर व बीड जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. यातील छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे जळगावच्या सीमेला लागूनच आहेत. असे आदेश दूरसंचार कंपन्यांसाठी असतात. इमारतीच्या आतली वायर त्या आदेशाने बंद पडत नाही. ती बंद पडल्यासारखी वाटते, कारण आपण तिच्यावर आपले असे काहीच चालवत नाही.

भुसावळ जंक्शनच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. रेल्वेने गाड्या चालवण्यासाठी स्वतःची वेगळी टेलिफोन यंत्रणा ठेवली आहे. गावातले फोन बंद पडले म्हणून स्टेशन मास्तर आणि कंट्रोल ऑफिस यांचे बोलणे थांबत नाही.

सर्व्हर कोणता आणि कुठे?

या कामासाठी जुनी आणि भरवशाची भाषा म्हणजे एक्सएमपीपी. तिचे मूळ नाव जॅबर. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये ती जाहीर केली, २००४ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले. तिच्यावर चालणारे प्रोसडी, ईजॅबरडी आणि ओपनफायर हे तीन सर्व्हर मोफत मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपचीही सुरुवात ईजॅबरडीत बदल करूनच झाली होती, म्हणजे हे काही हौशी खेळणे नाही. ओपनफायरला ब्राउझरमधून चालवता येणारे पॅनेल आहे, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्यांना ते सोपे जाते. प्रोसडी सर्वांत हलका. कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पायसारखे हाताच्या पंजाएवढे बोर्ड त्याला पुरते.

पहिली पायरी राउटरमध्ये : सर्व्हरला एक कायमचा पत्ता नेमून द्यायचा, समजा १९२.१६८.१.१०. हे केले नाही तर वीज जाऊन आल्यावर राउटर त्याला दुसराच आकडा देऊ शकतो आणि सगळ्यांचे मेसेज जुन्या दारावर जाऊन परत येतात.

दुसरी पायरी सर्व्हरचे नाव ठरवण्याची. इथेच बहुतेक जण चुकतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

नुसता आकडा चालतो, पण पुरत नाही

एक्सएमपीपीमध्ये प्रत्येकाचा पत्ता ई-मेलसारखा असतो : आधी माणसाचे नाव, मग ‘अ‍ॅट’चे चिन्ह, मग सर्व्हरचे नाव. सर्व्हरच्या नावाच्या जागी थेट आकडी पत्ता लिहिण्याची मुभा मानकात आहे. त्यामुळे ‘काटा अ‍ॅट १९२.१६८.१.१०’ असे खाते उघडता येते आणि डीएनएसची अजिबात गरज लागत नाही. प्रयोगासाठी हे उत्तम.

पण हा पत्ता प्रत्येक खात्याच्या नावात कोरला जातो. उद्या राउटर बदलला, आकडे बदलले, की सगळी खाती, सगळ्यांच्या संपर्कयाद्या आणि ग्रुप नव्याने करावे लागतात. घर बदलले म्हणून माणसाचे आडनाव बदलण्यासारखे आहे हे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे सर्व्हर स्वतःच्या इमारतीत ठेवायचा, पण त्याला विकत घेतलेले डोमेन देऊन त्याची नोंद फक्त बाहेरच्या डीएनएसवर ठेवायची. केबल तुटली की फोन आधी बाहेर पत्ता विचारतो, उत्तर येत नाही, आणि शेजारच्या खोलीत चालू असलेला सर्व्हर सापडत नाही. पैसे खर्च केले, यंत्र आणले आणि अडचण तिथेच.

मधला मार्ग असा : सर्व्हरला घरगुती नाव द्यायचे आणि पत्ता वेगळा सांगायचा. जुलै २०२४ मध्ये ‘आयकॅन’ या नावांचे नियमन करणाऱ्या संस्थेने ‘डॉट इंटर्नल’ हा शेवट खासगी नेटवर्कसाठी कायमचा राखून ठेवला. तो जगात कोणालाही विकला जाणार नाही. म्हणून ‘निरोप डॉट इंटर्नल’ असे नाव कोणीही बिनधास्त घेऊ शकतो. ‘डॉट लोकल’ मात्र टाळावे. ते जवळची उपकरणे आपोआप शोधण्याच्या वेगळ्या पद्धतीसाठी राखलेले आहे, त्यातून गोंधळ होतो.

आता हे नाव आकड्याशी जोडायचे. कॉम्प्युटरवर ‘होस्ट्स’ फाइलमध्ये एक ओळ लिहिली की झाले. अँड्रॉइड फोनमध्ये ती फाइल साध्या वापरकर्त्याला उघडता येत नाही. पण ‘कॉन्व्हर्सेशन्स’सारख्या अ‍ॅपच्या प्रगत सेटिंगमध्ये खात्याचे नाव वेगळे आणि सर्व्हरचा पत्ता वेगळा लिहायची सोय आहे. खाते ‘निरोप डॉट इंटर्नल’चे, पत्ता १९२.१६८.१.१०, पोर्ट ५२२२. कॉम्प्युटरसाठीच्या गाजिम आणि पिजिन या प्रोग्रामांतही अशी सोय आहे. उद्या आकडा बदलला तर ही एक ओळ बदलायची. खाती आणि ग्रुप तसेच राहतात. ज्यांच्या राउटरमध्ये स्थानिक नावे नोंदवण्याची सोय आहे, त्यांनी ते तिथे एकदाच नोंदवावे.

जिथे ठेच लागते

निरोप सुरक्षित जावा म्हणून सर्व्हरला प्रमाणपत्र लागते. ‘डॉट इंटर्नल’ नावासाठी बाहेरची कोणतीही संस्था ते देणार नाही, सर्व्हरवर स्वतःच तयार करावे लागते. मग प्रत्येक फोन पहिल्यांदा इशारा देतो : ‘हे प्रमाणपत्र ओळखीचे नाही.’ इथे डोळे झाकून ‘ओके’ दाबू नये. सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे अक्षर-आकड्यांची ओळ, कागदावर छापून ऑफिसात लावावी आणि फोनवर दिसणाऱ्या ओळीशी ताडून मगच मान्य करावे. सगळे एकाच इमारतीत असल्याने हे इथे सहज जमते.

दुसरी ठेच फोटोंची. मजकूर जातो, पण वजनपावतीचा फोटो अडकतो. कारण फोटो सर्व्हरवर ठेवून त्याची लिंक पाठवली जाते आणि त्या लिंकमध्ये पुन्हा नाव असते. नाव ओळखू न शकणारा फोन तिथे थांबतो. यासाठी सर्व्हरच्या फाइल-देवाणघेवाणीच्या सेटिंगमध्ये आकडी पत्ता लिहावा आणि प्रमाणपत्रातही तो नोंदवावा, किंवा नाव राउटरमध्ये नोंदवावे.

तिसरी घड्याळाची. रास्पबेरी पायच्या चौथ्या मॉडेलपर्यंत वीज गेल्यावर वेळ लक्षात ठेवणारे घड्याळच नाही. ते इंटरनेटवरून वेळ घेते. केबल तुटलेली असताना वीज जाऊन आली, की त्याची तारीख मागे पडते आणि तारखांचा मेळ न बसल्याने प्रमाणपत्रांच्या तक्रारी सुरू होतात. बॅटरीवरचे छोटे घड्याळ जोडावे किंवा जुना कॉम्प्युटरच वापरावा.

चौथी फोनची. वाय-फायला इंटरनेट नाही हे कळताच अँड्रॉइड फोन ते सोडून मोबाइल डेटाकडे वळतो. ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहू दे’ हा पर्याय आधीच निवडून ठेवावा लागतो. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा कर्मचाऱ्यांचे फोन मुख्य वाय-फायवर हवेत. आयफोनची मर्यादा मोठी आहे : अ‍ॅप बंद असताना मेसेजची सूचना अ‍ॅपलच्या सर्व्हरमार्फत येते. इंटरनेट नसेल तर अ‍ॅप उघडून पाहिल्याशिवाय निरोप कळत नाही. ज्याच्यावर काम अडते, त्याच्याकडे अँड्रॉइड फोन किंवा कॉम्प्युटर असलेला बरा.

आणि पाचवी खास खान्देशची : ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडखालच्या माळ्यावर सर्व्हर ठेवला तर तो तिथेच दम तोडेल. त्याला हवेशीर जागा द्यावी. इन्व्हर्टर नुसत्या सर्व्हरला पुरेसा नाही, राउटर आणि स्विचही त्यावर हवेत.

जळगाव ते धुळे?

जळगावात मुख्य ऑफिस आणि धुळ्यात शाखा असेल, तर मधले नव्वदेक किलोमीटर कोणतेही सॉफ्टवेअर जादूने जोडू शकत नाही. तिथे कोणाची तरी लाइन लागणारच. आकडी पत्त्याने थेट जोडायचे तर निदान एका टोकाला इंटरनेट कंपनीकडून कायमचा सार्वजनिक आयपी घ्यावा लागतो, कारण अनेक साध्या ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. सर्व्हर तसाच उघड्यावर ठेवणे धोक्याचे, त्यामुळे दोन ऑफिसांमध्ये व्हीपीएन हवे.

मात्र एक गोष्ट ठरवता येते : लाइन तुटल्यावर काय चालू राहील. एकच सर्व्हर जळगावात ठेवला तर धुळ्याचे कर्मचारी आपसातही बोलू शकणार नाहीत. दोन्हीकडे एकेक छोटा सर्व्हर ठेवला तर शहरांतला संवाद थांबेल, पण प्रत्येक ऑफिसातला चालू राहील. दुसरा मार्ग चांगला.

अफवांचे काय?

मेसेजिंगबद्दल बोलताना धुळे जिल्ह्याला एक दिवस विसरता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. तेव्हा ‘प्रशासन इंटरनेट बंद करते ते याचसाठी, मग त्याला बगल देणारी यंत्रणा कशाला?’ हा आक्षेप हलका नाही.

पण अफवेला अनोळखी गर्दी लागते. कुठून आले ते कोणाला ठाऊक नसते, पुढे कुठे गेले ते दिसत नाही. ऑफिसातल्या सर्व्हरवर खाते व्यवस्थापक स्वतः उघडून देतो. तीस माणसे, तिसांचीही ओळख, आणि बाहेर जाण्याचा रस्ताच नाही. नवीन खाते कोणालाही उघडता येण्याची सोय बंद ठेवली, की ही यंत्रणा इंटरकॉमपेक्षा वेगळी राहत नाही. इंटरनेट बंदीच्या काळात हॉस्पिटलचा इंटरकॉम बंद करा, असे कोणी म्हणत नाही. इमारतीबाहेर, गल्लीभर किंवा गावभर असे जाळे पसरवायचे म्हटले तर मात्र तो वेगळा प्रश्न आहे. तिथे दूरसंचार कायदा येतो आणि जबाबदारीही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रायर, एलिमेंट यांच्यासह १४ मेसेजिंग अ‍ॅप बंद केली होती, हेही ध्यानात ठेवावे.

विहीर आधी खणा

हे सगळे तहान लागल्यावर विहीर खणून होणार नाही. सर्व्हरचे सॉफ्टवेअर, फोनवरची अ‍ॅप, सगळे इंटरनेट असतानाच उतरवून ठेवावे लागते. ते बसवायला मुंबई-पुण्याहून कोणी यायला नको. जळगाव आणि धुळ्यात अभियांत्रिकी कॉलेजे आहेत, दरवर्षी शेकडो मुले ‘चॅट अ‍ॅप्लिकेशन’ नावाचा प्रकल्प करतात आणि तोंडी परीक्षा झाली की तो विसरतात. त्यातल्या एखाद्या गटाने गावातल्या एका हॉस्पिटलमध्ये किंवा मिलमध्ये खरा सर्व्हर उभा केला, तर गुण तेवढेच मिळतील आणि त्याचा उपयोगही होईल.

आपली यंत्रणा किती परावलंबी आहे हे पाहायला एक पैसा लागत नाही. एखाद्या शनिवारी दुपारी, काम कमी असताना, राउटरच्या मागची बाहेरून येणारी वायर दहा मिनिटे काढून ठेवा आणि सगळ्यांना मोबाइल डेटा बंद करायला सांगा. मग वरच्या मजल्यावरून खाली एक निरोप पाठवून बघा. तो जिन्याने गेला, तर काम बाकी आहे.